एमटीबीच्या (माउंटन बाईकच्या) चाकाला कुठल्या तारा, कुठले निपल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की माझ्याकडे माणसं एकच वाक्य घेऊन येतात: "चाक आऊट झालंय, जरा बघा की." म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे हलतंय. मी दुकानदार नाही. संध्याकाळी पडवीत बसून चाकं बांधायचा नाद आहे, आणि घर यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याला असल्यामुळे वरून खडखडत उतरणारी सायकल आधी माझ्याच दारात थांबते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. साताऱ्याच्या दुकानांत बोलतात तसं मी स्पोकला इथे तारच म्हणणार आहे. निपल म्हणजे तारेचं आट्यांचं टोक रिममध्ये धरून ठेवणारी, फिरवून ताण देता येणारी छोटी चिवळ.

तार तुटली म्हणजे ती कमजोर होती ना? मग जाड तार टाकली की झालं?

नाही. निम्म्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

२ मिमीची चांगली स्टेनलेस तार सरळ ओढत नेली तर तीनशे किलोच्या पुढे कुठेतरी तुटते. चाकात तिच्यावर ताण असतो शंभर-सव्वाशे किलोचा. म्हणजे नुसत्या ओढीने तुटायचं तिला कारणच नाही. ती तुटते पुन्हा पुन्हा ताणली-सोडली गेल्याने. स्लॅबची सळई बांधणारे गडी पक्कड हाताशी नसली की बाइंडिंगची तार चार वेळा इकडे-तिकडे वाकवतात आणि ती हातात येते. सायकलच्या तारेचंही तेच होतं, फक्त फार सावकाश.

बैलगाडीच्या चाकाचा आरा ओझं डोक्यावर घेतो. सायकलच्या तारेला ते जमत नाही, दाबली तर ती वाकेल. तिला फक्त ओढून धरता येतं. टायर जिथे जमिनीला टेकतं तिथे रीम केसभर चपटी होते आणि त्या जागच्या तीन-चार तारांचा ताण उतरतो. चाक पुढे सरकलं की पुन्हा चढतो. २९ इंची चाकाचा एक फेरा साधारण २.३ मीटरचा असतो. साताऱ्यातून कासला जाऊन परत आलात तर प्रत्येक तारेने ही उठाबस वीसेक हजार वेळा केलेली असते. मुळात ताण भरपूर असेल तर थोडा उतरूनही तार ताठ राहते. मुळातच कमी असेल तर दर फेऱ्याला ती ढिली पडते, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात कोपर, म्हणजे तारेचं वाकवलेलं टोक, हलतो, निपल हळूहळू फिरून सैल होतो, आणि एक दिवस चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली, चिटपाखरू नसताना, टण्ण असा आवाज येतो.

तेव्हा तुटलेली तार आणाल तर मी आधी तिची जाडी विचारत नाही, बाकीच्या एकतीस तारा दाबून बघतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

कुठून तुटली यावरून काही कळतं का?

पुष्कळ. कोपरात तुटली असेल तर ताण कमी होता किंवा कोपर हबच्या फ्लँजवर (तारा अडकतात त्या कडेच्या चकतीवर) नीट बसला नव्हता. आट्यांपाशी तुटली असेल तर निपल रिममध्ये तिरका बसून तार तिथे वाकत होती. मधूनच तुटली असेल तर काटकी किंवा दगड. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) आतल्या अंगाला तुटली असेल तर कधीतरी चेन मोठ्या दात्यावरून आत पडलेली असते. बाकीच्या तारांवर तिचे ओरखडे सापडतात, आणि ओरखडा पडलेली प्रत्येक तार आज ना उद्या जाणार. तार शाबूत पण निपलचं डोकं उडालं असेल तर पुढे निपलचा प्रश्न वाचा.

बटेड तार मध्ये बारीक असते. ती जास्त टिकते हे पटत नाही.

मलाही पटलं नव्हतं. बटेड म्हणजे दोन्ही टोकं जाड आणि मधला भाग बारीक. टोकं २ मिमीची, कारण एका टोकाला कोपर आणि दुसऱ्याला आटे, सगळा त्रास तिथेच होतो. मध्ये १.८ किंवा १.५ मिमी.

आता जरा हिशोब. २८० मिमीची तार शंभर किलोने ताणली, तर साधी २ मिमीची तार अंदाजे ०.४५ मिमी लांबते. मध्ये १.८ असलेली अर्ध्या मिमीच्या किंचित वर, आणि १.५ वाली पाऊण मिमीच्या आसपास. समजा दगडावर आदळून रीम ०.३ मिमी आत दबली. साध्या तारेचा दोनतृतीयांश ताण एका झटक्यात गेला. १.५ वालीचा निम्म्याहूनही कमी गेला, ती अजून ताठ आहे. पायजम्याची नाडी आणि इलॅस्टिक यांच्यात जो फरक, तोच हा. नाडी बोटभर सुटली की पंचाईत होते, इलॅस्टिक बोटभर सुटलं तरी कंबर धरून ठेवतं.

शिवाय लवचीकता मधल्या भागात असल्यामुळे कोपरावरचा हिसका थोडा हलका होतो. वजन कमी होतं ते वेगळंच.

मग सगळीकडे १.५ का नाही? कारण ती पिळते. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. १.५ ची तार २ मिमीच्या एकतृतीयांश विरोधच करते. निपल फिरवला की आटे सरकण्याऐवजी तारच सुतळीसारखी पिळून बसते आणि पहिल्या फेरीला उलटी सुटते, की चाक पुन्हा आऊट. बांधणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर १.५ च्या नादी लागू नका. चाक आडवं ढकललं तर तेही जरा जास्त झुकतं.

मग एकच माप सांगा.

२.०-१.८-२.०, सगळीकडे. डीटी स्विस कॉम्पिटिशन किंवा सापिम रेस. पहिली कंपनी स्वित्झर्लंडची, दुसरी बेल्जियमची, आणि या दोन तारांत निवड करत बसण्यात वेळ घालवू नका, जी मिळेल ती घ्या. तैवानच्या पिलरच्याही चांगल्या असतात.

माझं वजन शंभरच्या वर आहे, किंवा सायकल बॅटरीवाली आहे.

तर तिहेरी बटेड बघा: डीटी अल्पाइन ३, कोपराशी २.३४ मिमी, मध्ये १.८, आट्यांशी २.०. सापिमची फोर्सही याच जातीची, कोपराशी २.१८. इथे जाडी योग्य जागी आहे, म्हणजे जिथे तार थकते तिथेच. घेण्याआधी हबची भोकं मोजा, २.३४ ला निदान २.५ मिमीचं भोक लागतं. जुन्या किंवा हलक्या हबमध्ये ती जात नाही म्हणून भोक मोठं करायला कुणी ड्रिल काढला तर हब उचला आणि घरी या.

गावातल्या दुकानात मिळणारी १४ नंबरची तार चालेल का?

१४ नंबर म्हणजे २ मिमीच. १३ नंबर २.३, १५ नंबर १.८. माप तेच असलं तरी माल तोच असेल असं नाही. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून त्या सायकली वर्षानुवर्षं चालल्या, त्या साध्या जस्त चढवलेल्या लोखंडी तारांवर. पण ताराही जास्त, डिस्क ब्रेक नाही आणि उतारावर चाळीसचा वेग नाही. तुमच्या चाकात तीच तार टाकली तर पहिल्या पावसात आट्यांवर गंज धरतो आणि मग निपल फिरत नाही. फिरवायला गेलं की तार तरी तुटते, नाही तर निपलचे कोपरे तरी झिजतात. अडल्या वेळी एखादी घालून घरी या, पण चाक बांधायला नको.

एक खुलासा. स्टेनलेस ओळखायला लोहचुंबक लावून बघतात, त्याने फसायला होतं. १८/८ स्टेनलेस मुळात चुंबकाला चिकटत नाही, पण ते थंड ओढून तार केली की थोडं चिकटायला लागतं. तेव्हा चुंबक जरासा ओढला म्हणून चांगली तार परत करू नका.

निपल पितळी की ॲल्युमिनियमचे?

पितळी. निकेल चढवलेले, पांढरे दिसणारे किंवा काळे, पण आत पितळ.

इथे मी जरा हट्टी आहे, कारण हात पोळलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मागचं चाक बांधून घेतलं. "हलकं करून देतो" म्हणून त्यांनी निळे ॲल्युमिनियमचे निपल घातले. दिसायला झकास. दोन पावसाळे गेले. ठोसेघरच्या रस्त्याला एका मोठ्या खड्ड्यातून बाहेर पडलो आणि टिक, टिक, टिक, तीन निपलांची डोकी उडाली. टायर काढला तर आत पांढरी भुकटी. स्टेनलेस तार, ॲल्युमिनियमचा निपल आणि मधे ओलावा, ही एक छोटीशी बॅटरीच असते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. कार्बनच्या रिममध्ये हे अजून जोरात होतं. ट्यूबलेस असेल आणि टेपमधून सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) झिरपत असेल तर काही सीलंटमधला अमोनियाही हातभार लावतो. सातारच्या पश्चिमेला चार महिने सायकल ओलीच असते, हे धरून चाला.

आणि मिळतं काय? १२ मिमीचा पितळी निपल साधारण एक ग्रॅमचा, ॲल्युमिनियमचा त्याचा तिसरा हिस्सा. दोन चाकांचे ६४ निपल धरले तर वाचतात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. घाट चढण्याआधी दोन कंदी पेढे कमी खा, हिशोब फिटला.

कोरड्या मुलखात, शर्यतीसाठी, दर वर्षी चाक उघडून बघणाऱ्याने ॲल्युमिनियम वापरायला माझी हरकत नाही. मात्र तार निपलच्या डोक्याच्या वरपर्यंत पोचलीच पाहिजे.

हे "पोचली पाहिजे" काय आहे?

निपलच्या डोक्यात पेचकसासाठी खाच असते. तारेचं टोक निदान त्या खाचेच्या तळाशी यायला हवं. तार आखूड पडली तर आटे निपलच्या गळ्यातच संपतात आणि वरचं डोकं बिनआधाराचं राहतं. सगळा ताण त्या पातळ गळ्यावर येतो, मग पितळही उडतं. तार जास्त लांब झाली तर आटे संपतात आणि निपल पुढे फिरायचा थांबतो.

लांब निपल घालून आखूड तार भागवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. १४ आणि १६ मिमीचे निपल असतात ते जाड किंवा खोल रिममधून पाना लागण्याइतका भाग बाहेर यावा म्हणून. साध्या एमटीबी रिमला १२ पुरतो.

लांबी कशी काढायची? जुनी तार मोजून तेवढीच आणली तर?

रीम आणि हब तेच असतील आणि तार बरोबर पोचत असेल तर तेवढीच आणा. कोपराच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंत मोजायची, डोक्यापासून नाही. या एका चुकीने पुण्याहून मागवलेला अख्खा संच परत पाठवलेला माणूस मी पाहिलाय.

रीम बदलली असेल तर जुन्या मापाचा भरवसा धरू नका. दोन रिमा एकाच २९ च्या असल्या तरी आतल्या उंचीमुळे माप पाच-सात मिमीने बदलतं. निपल बसतो तिथे मोजलेल्या रिमच्या व्यासावर ते ठरतं, त्याला ईआरडी म्हणतात. कंपनीने छापलेला आकडा असतो, तरी मी स्वतः मोजतो. दोन जुन्या तारांचे कोपर कापून आट्यांच्या टोकापासून बरोबर २०० मिमी ठेवायचे, निपल खाचेपर्यंत चढवायचे, समोरासमोरच्या भोकांतून आत घालून ओढून धरायच्या आणि मधलं अंतर मोजून त्यात ४०० मिळवायचे. चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या. मग हबच्या फ्लँजचा व्यास आणि मध्यापासून दोन्ही फ्लँजांचं अंतर घेऊन इंटरनेटवरच्या कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये टाका. ३२ तारा, तीन क्रॉस (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते) असं गृहीत धरलं तर २९ ला उत्तर २९० च्या आसपास, २७.५ ला २७० च्या थोडं वर आणि २६ ला २६० च्या जवळ यायला हवं. फार वेगळं आलं तर मापात घोळ आहे. डावी-उजवी लांबी एक-दोन मिमीने वेगळी निघते, ती चूक नाही.

३२ तारा की २८?

३२. तिसरा प्रश्न विचारू नका. एक तार गेली तरी ३२ चं चाक घरी आणतं.

स्ट्रेट पुल तारा जास्त मजबूत असतात ना? कोपरच नाही त्यांना.

खरं आहे, कोपर नाही म्हणून तिथली कटकट नाही. पण आऊट काढताना अख्खी तार गोल फिरते, ती धरायला वेगळी पक्कड लागते, आणि तुटली तर सातारा-कराडात तशी तार मिळायची मारामार. कोपरवाली घ्या.

काळी तार चांगली की चंदेरी?

रंग आहे. चंदेरी स्वस्त असते आणि ओरखडा लपवत नाही.

पान्याचं काय? माझ्याकडे गोल, सगळ्या मापांचा आहे.

तो फेकून द्या. त्याच्या खाचा सैल असतात, निपलचे कोपरे गोल करतात. डीटी आणि सापिमच्या निपलांना ३.२३ मिमीचा पाना लागतो. पार्क टूल कंपनीच्या पान्यांत तो काळा. ३.३० चा हिरवा, ३.४५ चा लाल. एका पितळी निपलच्या संचाइतक्या पैशांत चांगला पाना येतो आणि तो जन्मभर पुरतो.

आट्यांना काय लावायचं? आमचे मिस्त्री खोबरेल लावतात.

फिरवायला सोपं जाईल, पण पुढे धरून काही ठेवणार नाही. मी जवसाचं उकळलेलं तेल लावतो, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. बांधताना ते वंगणासारखं वागतं, मग आठवडाभरात वाळून चिकट होतं, आणि निपल आपोआप सैल होत नाही. पान्याने मात्र फिरतो. रिमच्या भोकाशी, जिथे निपलचं डोकं घासतं, तिथे साध्या तेलाचा एक थेंब. ज्या चिंध्यांनी बेलतेल पुसाल त्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

ताण किती? माझ्याकडे मीटर नाही.

मागच्या चाकाची उजवी बाजू आणि डिस्क असेल तर पुढच्या चाकाची डावी बाजू जास्त घट्ट असते. तिथे १०० ते १२० किलो. रीमवाल्या कंपनीने कमाल आकडा दिला असेल तर तो पाळायचा, नाहीतर काही महिन्यांनी निपलच्या भोकाभोवती रिमला तडे जातात. त्याच चाकाची दुसरी बाजू त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. ती घट्ट करायला जाऊ नका, चाक मध्यावरून सरकेल.

मीटर नसेल तर कान आहे. तारेला नखाने टिचकी मारा आणि एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जुळतो का बघा. तबला लावणारा गट्ट्यांवर हातोडी मारत गोल फिरतो आणि प्रत्येक घराचा सूर सारखा करतो, तसंच. सूर किती उंच हवा हे कळायला मात्र चांगल्या बांधलेल्या एका चाकाशी ताडून बघावं लागतं, त्याच मापाच्या आणि त्याच तारेच्या. टिकण्याच्या दृष्टीने समानता आकड्याइतकीच महत्त्वाची. चाक डोळ्याला सरळ दिसतं आणि त्यात एक तार ११० वर, शेजारची ६० वर, असं सर्रास असतं. ते चाक दोन महिन्यांत परत येतं.

टायर चढवून हवा भरली की ताण थोडा उतरतो. घाबरू नका.

बांधलेलं नवं चाक पहिल्याच फेरीला पिंग-पिंग करतं.

बांधणाऱ्याने पिळ सोडवला नाही. निपल हवा तितका फिरवून पाव फेरा जास्त न्यायचा आणि पाव फेरा मागे आणायचा, की तारेतला पिळ निघतो. तारेवर मार्करने एक उभी रेघ मारली की पिळ डोळ्याला दिसतो. सगळं झाल्यावर समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबायच्या, चाकभर. हातमोजे घाला. याने कोपर फ्लँजवर बसतात. मग पुन्हा आऊट काढायचं, पुन्हा दाबायचं, तीन-चार वेळा. ज्याच्याकडून चाक बांधून घेताय त्याला एवढंच विचारा, "दाबून घेता का?" तो "काय दाबायचं?" म्हणाला तर तारा कितीही महागातल्या असोत.

कोपर फ्लँजच्या भोकात सैल वाटला तर तारेच्या डोक्याखाली पितळी वायसर घालतात, बारीकसा. तोही विचारून बघा.

जुन्या तारा नव्या रिममध्ये चालतात का?

एकही तुटलेली नसेल आणि लांबी जुळत असेल तर खुशाल. दोन-तीन तुटून गेल्या असतील तर बाकीच्याही तितक्याच थकलेल्या आहेत. निपल मात्र नवे.

घाटात तार तुटली तर?

आधी थांबा. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा किंवा टेपने बांधा, नाहीतर ती चेनमध्ये किंवा डिस्कमध्ये जाते. चाक फ्रेमला घासत असेल तर तुटलेल्या तारेच्या दोन्ही शेजारच्या, म्हणजे समोरच्या फ्लँजला जाणाऱ्या तारा अर्धा अर्धा फेरा सैल करा. चाक बरंचसं सरळ येतं. मग बसून नाही, उभं राहून, हळू उतरा.

मी सीटपोस्टच्या आत दोन तारा ठेवतो, मागच्या चाकाच्या, निपलसकट, फोमच्या तुकड्यात खोचून, म्हणजे खडखडत नाहीत. कॅसेटच्या बाजूची तार मात्र रस्त्यावर घालता येत नाही, त्यासाठी कॅसेट काढायला लागते. तेव्हा ती तुटली तर हात दाखवून टेम्पो थांबवायचा. कासच्या रस्त्याला फुलांच्या दिवसांत गाड्यांची कमतरता नसते.